आमच्या आत्यांचा दम हलका करणाऱ्या सिस्टरांना

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

खरं तर हे पत्र तुमच्या हातात द्यायचं. पण ज्यांच्या घरात कुणी रात्रभर उशांना टेकून बसून असतं, त्यांनीही ते वाचावं म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

आजार बरा होणारा नसला तरी त्याचा त्रास घरी येऊन कमी करणारं तुमचं पॅलिएटिव्ह केअरचं पथक आहे, असं आशाताईंनी सांगितलं तेव्हा घरात पहिला प्रश्न आला, "ते कॅन्सरवाल्यांचं ना?" आमच्या सासूबाईंना, आत्यांना, कॅन्सर नव्हता, सीओपीडी होता, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन सतत दम लागणारा फुप्फुसांचा जुनाट आजार. विडीला त्यांनी कधी हात लावला नाही, पण सारा जन्म ओल्या काटक्या आणि गोवऱ्यांच्या धुरात काढला. घरात गॅस आला तोवर फुप्फुसांचं व्हायचं ते होऊन गेलं होतं. एका मोठ्या दवाखान्यानं ऑक्सिजनचं मशीन लिहून दिलं आणि "आता करण्यासारखं काही नाही" म्हणून घरी पाठवलं. तुम्ही पहिल्याच भेटीत म्हणालात, "फुप्फुसं दुरुस्त व्हायची नाहीत, पण दम कमी करता येतो." या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे तोवर आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि तुम्ही सुरुवात कशानं केलीत, तर माणसं हलवण्यानं! आत्यांना धाप लागली की सगळे त्यांच्याभोवती कोंडाळं करायचे. तुम्ही सगळ्यांना बाजूला केलंत, खिडकी उघडलीत, बॅटरीवरचा छोटा पंखा त्यांच्या नाकागालांसमोर धरलात. गालावर गार वारा लागला की मेंदूला दम कमी जाणवतो, हे ऐकून आमचे हे हसले होते. पुढे रात्री-अपरात्री तोच पंखा शोधायला सगळ्यात आधी तेच धावायचे. मग टेबलावर उशी ठेवून पुढे ओणवं बसायला शिकवलंत. नाकानं श्वास घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून, चहा निववतो तसा, सावकाश सोडायचा. त्यावर आत्या म्हणाल्या, "फुंकून फुंकून तर ही गत झाली, आता औषधबी फुंकरच!" त्या आजारात त्या हसल्याचं मला आठवणारं ते पहिलंच.

बोटाला लावायचं ते ऑक्सिमीटर तुम्ही कपाटात ठेवायला लावलंत, याचे आभार मी दोनदा मानते. रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा ८९ टक्के दिसला की आम्ही घाबरायचो, आमचे चेहरे बघून त्या घाबरायच्या आणि दम वाढायचा. त्यांच्यासारख्या रुग्णाला ८८ ते ९२ पुरतं, उगाच मशीनचे लिटर वाढवले तर अंगात कार्बन डायऑक्साइड साठून गुंगी येऊ शकते, हे तुम्ही शांतपणे समजावलंत. अंघोळ स्टुलावर बसून, जेवण थोडं थोडं पाच-सहा वेळा. नऊवारीऐवजी गाऊन मात्र त्यांनी साफ नाकारला. शेवटी लुगडं सैल नेसण्यावर तुमचा-त्यांचा समझोता झाला.

दम कमी जाणवावा म्हणून मॉर्फिनचं, म्हणजे अफूपासून बनणाऱ्या औषधाचं, नाव निघालं तेव्हा भावकीत कुजबुज झालीच. तुमच्या डॉक्टरांनी खोटी आशा दाखवली नाही. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, अगदी थोड्या मात्रेनं सुरू करू, झोप फार वाढली तर लगेच कळवा, असं सांगितलं. दहा मिलिग्रॅमच्या गोळीचा चतकोर आणि सोबत पोट साफ होण्याचं औषध, कारण मॉर्फिननं बद्धकोष्ठ होणारच. आत्यांना गुण आला. त्या जिना चढू लागल्या नाहीत, पण मोरीपर्यंत जाऊन आल्यावर "मी आता मरते" म्हणायचं त्यांनी सोडलं. माझ्या लेखी हे फार मोठं होतं.

सगळ्यात अवघड बोलणंही तुम्हीच काढलंत. पुन्हा श्वास फार अडला तर व्हेंटिलेटर लावायचा का, हे तुम्ही मुलांना न विचारता त्यांना विचारलंत. इतक्या वर्षांत या घरात आत्यांना थेट कुणी काही विचारलं असेल, तर ते मला आठवत नाही. त्या म्हणाल्या, "नळी नको. हितंच ऱ्हाऊ द्या." सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली शेवटी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणाऱ्या अशा इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली, हे आम्हाला तुमच्याकडून कळलं. दोन साक्षीदार आणि नोटरी, एवढ्यात काम झालं. पुढे तशी वेळ आली तेव्हा मोठ्या दिरांना गाडी बोलवायची होती. मी तो कागद काढला, त्यांनी वाचला आणि ते आईच्या उशाशी बसले. भांडण झालं नाही. औषधं तुम्ही आधीच समजावून ठेवली होती आणि फोनवर तुम्ही होतात.

तेरावा झाल्यावर तुम्ही पुन्हा आलात. उरलेल्या गोळ्या मोजून, नोंदवून परत घेतल्यात. मग मला विचारलंत, "तुला झोप लागते का गं?" तेव्हा मी काहीच बोलले नाही. आता लागते.

मशीन अजून आमच्याकडेच आहे. जाळी धुऊन ठेवलीय, चालू करून बघितलंय. तुमच्या यादीत कुणाला हवं असेल तर सांगा, इन्व्हर्टरही सोबत देऊ. आमच्याकडची वीज तुम्हाला माहीतच आहे.

तुमची,
आत्यांची धाकटी सून