भटूस पत्र : रोहिड्याच्या सालीवरून

शिंदखेडा तालुका,
होळीनंतरचा मंगळवार

प्रिय भटू,

जाडजूड पाकीट बघून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोनवर तुझ्याशी अबोला धरलेल्या बापूचं नाव काढलं की तुझ्या सुरतकडच्या उधन्यातली रेंज जाते, म्हणून कागद काढला. मागच्या खेपेला तुझी लाइट गेली, त्याआधी दारात पाहुणे आले. आता निदान पुरतं वाच, मग पाहिजे तर फाड.

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं. आता तिला घरातली सगळी जळमटं दिसतात, त्यामुळे हिची धडगत नाही. माझा गुडघा आहे तसाच. तब्येतीचं एवढंच.

यंदा रोहिडा असा फुललाय की रस्त्यावरची पोरं मोटारसायकल थांबवून फोटो काढतात. पळसाचं आवरत आलं आणि ह्याचं सुरू झालं. पानं तीच, राखाडी, काठाला लहरी असलेली, दुरून धूळ बसल्यासारखी. आणि त्यातून हे घंटेसारखे पिवळे-नारिंगी घोस. सकाळी शिंजीर आणि बुलबुल यांची नुसती भांडणं. वास मात्र नाही तो नाहीच. ही खाली पडलेली फुलं देवापुढे ठेवते आणि म्हणते, दिसायला राजा न् गुणाला भटूभाऊ. मी काही बोललो नाही.

आणि हो, फूल नारिंगीच आहे. लाल झाडाच्या शेंगा आणल्या होत्या, तू बी बदललंस, हा तुझा आरोप अजून जिवंत असेल तर ऐकून घे. ह्या झाडात पिवळं, नारिंगी, लाल सगळे रंग असतात आणि बियाण्यापासून उगवलेलं पोर आईवरच जाईल असं नाही. तुझ्या थोरल्याकडे बघ. राजस्थानात बालोतऱ्याला कापडाची गाडी खाली करून, डब्यात भाकरीच्या जागी त्या वाकड्या वीतभर शेंगा भरून आणल्यास तू. त्यातलं बी पातळ कागदाच्या पंखाचं. फुंकर मारली तर ओट्यावरून उडालं आणि आपण तिघं बापूच्या कंदिलाच्या उजेडात ते शोधत बसलो होतो. बापूने पायाखाली निम्मं तुडवलं. तेव्हाही तू त्याच्यावरच ओरडलास.

लावताना तू म्हणालास, काळ्या जमिनीत लाव, जोमानं येईल. काळीत लावलेलं पावसाळ्यात मूळ कुजून गेलं. मुरमाड उतारावर लावलं ते जगलं. वर्षाला १५० ते ५०० मिलिमीटर पावसावर राहणारं झाड ते, त्याला पाणी साचलेलं चालत नाही. ते उन्हातान्हाला घाबरत नाही, थंडीला घाबरत नाही, घाबरतं फक्त बकऱ्यांना. पहिली काही वर्षं बाभळीच्या काट्यांचं कुंपण नसतं तर आज हे पत्र लिहायची वेळच आली नसती. वाढतं मात्र इतकं सावकाश की मध्यंतरी मी त्याच्याकडे बघायचंच सोडून दिलं होतं.

तिकडे ते १९८३ पासून राजस्थानचं राज्यफूल आहे. लाकडाला मारवाडातलं सागवान म्हणतात. सारंगखेड्याच्या यात्रेत तापीकाठी एक घोडेवाला भेटला होता, जोधपूरकडचा. फोटो दाखवला तर घोड्याचा भाव बाजूला ठेवून झाडाबद्दलच बोलत बसला. त्याच्या घराचे कोरीव दरवाजे ह्याच लाकडाचे. तो म्हणाला, लाकडापायीच तिकडची झाडं तुटली, तू कुऱ्हाड लावू नकोस. मी म्हटलं, कुऱ्हाड कोण लावतंय? आपल्याकडे विळा पुरतो.

आता मुद्द्यावर येतो.

बापूच्या पोटात पाणी झालंय. पावसाळ्यात पाय सुजले, मग पोट फुगलं, डोळे पिवळे. धुळ्याला नेला. लिव्हर सिरोसिस. इतक्या वर्षांची हातभट्टी, दुसरं काय. पण बापूने दारू सोडली हो, खरंच सोडली, आणि हे तुला कोणी सांगितलं नसणार. सुईने पाणी काढलं, लघवी होण्याच्या गोळ्या दिल्या, मीठ जवळजवळ बंद. डॉक्टर चांगला होता, बसवून समजावलं: गोळ्या मनाने सोडायच्या नाहीत, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची, कुणाचा काढा-बिढा माझ्या कानावर घातल्याशिवाय घ्यायचा नाही, आणि रक्ताची उलटी, काळी शी किंवा बरळणं दिसलं तर रात्र-दिवस न बघता उचलून आणायचं. पोट उतरलं, माणूस चालायला लागला. तुळशीच्या लग्नाला आमच्या दारात येऊन चहा पिऊन गेला. बिनसाखरेचा प्यायला, तर म्हणे मिठाबरोबर साखरही सोडून टाकली, उगाच भानगड नको.

मग कुणीतरी त्याच्या कानात रक्तरोहिडा, म्हणजे ह्याच झाडाची साल, घातला.

आता हे खोटं नाही रे. रोहितकारिष्ट भैषज्यरत्नावलीत आहे, यकृत आणि प्लीहा यांच्यावरच दिलेलं. साल औषधी मानतात ती मानतात. पण ग्रंथातलं रोहितक म्हणजे हेच झाड की घाटातलं दुसरं, यावर वैद्यांचंच एकमत नाही. आणि अरिष्ट म्हणजे मोजून-मापून, धायटीची फुलं घालून मुरवलेलं. बापूने काय केलं, तर वीतभर साल पातेल्यात उकळून तांब्याभर ढोसली. पहिल्यांदा मीच दिली. छाटलेल्या फांदीची होती, म्हटलं जाऊ दे, मनाला बरं वाटेल. योगायोग असा की त्या आठवड्यात गोळ्याही चालू होत्या आणि त्याला उतार पडला. श्रेय कुणाला? झाडाला. गोळ्या बंद. सोनोग्राफीची तारीख आली तर म्हणतो, “डॉक्टर बिल लावस, तुन्हं झाड काय बिल लावस?” यावर गाव हसलं. मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू.

आणि बापूला गुण आला ही बातमी आमच्या एस.टी.पेक्षा वेगानं फिरते. दोंडाईच्याहून लोक आले. कुणाचा सासरा, कुणाचा साडू. कुणाला कावीळ, कुणाला नुसता गॅस. मी नाही म्हणायला लागलो तर रात्री येऊ लागले. एका सकाळी गेलो तर बुंध्याशी अक्षता, हळद-कुंकू आणि रुपयाचं नाणं. आदल्या संध्याकाळी झाडाला न्योता देऊन, दुसऱ्या दिवशी औषध काढायची ती जुनी रीत. चोर रीतभातीचा होता, एवढंच समाधान. त्याच्या वर हातभर साल उभी सोललेली, विळ्याच्या टोकाचे ओरखडे आतल्या पांढऱ्या लाकडावर तसेच, आणि ओलीवर मुंगळ्यांची रांग. उभी पट्टी काढली तर कडांनी भरून येते. पण पूर्वेच्या अंगाला कुणीतरी आडवं फिरायला सुरुवात केलीय, बुंध्याच्या जवळजवळ निम्म्यापर्यंत. पानात तयार झालेलं अन्न सालीतूनच मुळाकडे जातं. पूर्ण गोल सोललं की मुळं उपाशी मरतात आणि वर झाड काही दिवस हिरवंच दिसत राहतं. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, अशी बोर्डो पेस्ट करून लावली, डाळिंबाला लावतात तीच. आता झाड निळं लुगडं नेसून उभं आहे. वर नारिंगी, खाली निळं. हीच म्हणाली, कुणाच्या वरातीला निघालंय?

झाडाचं मी बघून घेईन. तारेचं कुंपण करतोय. पेच बापूचा आहे.

परवा वहिनी आली. बापूचं पोट परत भरलंय. श्वास लागतो, रात्री उशाला टेकून बसून झोपतो. वहिनी ओट्यावर न टेकता उभीच म्हणाली, “भाऊ, थोडी साल दे ना भो, बुंध्यानी. फांदीनी काही गुण येस नही म्हणतस.” मी म्हटलं, वहिनी, गोळ्या चालू करा, मी गाडी काढतो, आत्ता धुळ्याला जाऊ. तर ती रडायला लागली. म्हणे ते ऐकत नाहीत, आणि दवाखान्याचं नाव काढलं की ताट भिरकावतात. मी साल दिली नाही. तिने काही शिवीगाळ केली नाही, पदर सावरून गेली, आणि भटू, ते जास्त वाईट. संध्याकाळी पारावर बोलणं चालू होतं, सुभाषला माणसापेक्षा झाड मोठं झालं. मी तिथूनच जात होतो. कुणी थांबलं नाही बोलायचं.

आता सांग. साल दिली तर तो दवाखान्यात जाणार नाही, हे उघड आहे. नाही दिली आणि उद्या काही बरंवाईट झालं तर गाव म्हणणार की ह्याने साल दिली असती तर वाचला असता. मला गावाची फिकीर फार नाही, तुला ठाऊक आहे. ग्रामपंचायतीला पडलो तेव्हाही दुसऱ्या दिवशी शेवभाजी खायला बसलोच होतो. फिकीर वहिनीची आहे. ती जन्मभर तेच धरून बसेल. मधला मार्गही काढून पाहिला: म्हटलं, बापू, आधी धुळ्याला चल, डॉक्टरला विचारू, तो हो म्हणाला तर बुंध्याची साल मी स्वतः काढून देतो. बापू भिंतीकडे तोंड करून म्हणाला, “तू नको सांगू. भटूले ईचार.”

हो, तुझं नाव घेतलं. मी काही सुचवलं नव्हतं.

एवढं सगळं लिहायचं कारण ते एक वाक्य. माझं तो ऐकत नाही, पोराचं तर नाहीच, पोराला तो अजून नाक पुसायचा समजतो. तुझं ऐकेल. तुझं ऐकायचं नाही म्हणूनच तर इतकी वर्षं तो तुझ्याशी बोलला नाही. आणि कशावरून? विहिरीच्या पाळीवरून. भटू, त्या विहिरीत आता पोरं क्रिकेटचा चेंडू शोधायला उतरतात. बोअर मारून आठ वर्षं झाली. पाळी कुणाची, मंगळवारची की बुधवारची, हे आता विचारायला मोटारही शिल्लक नाही. तू बरोबर होतास, मंगळवार तुझाच होता. घे, लिहून दिलं, आता सही-शिक्क्याचा कागद समज. बापूसमोर मात्र मी हे कबूल करणार नाही.

त्याला समजावताना औषधाला शिव्या देऊ नकोस, नाहीतर तो अडून बसेल. साल वाईट आहे म्हणू नकोस. म्हण, झाड मी आणलं, साल माझी, मी सांगेन तेव्हा प्यायची. आधी पोटातलं पाणी काढून ये. असंच म्हण. तुझ्या हक्काच्या गोष्टीवर तू बोललास तर त्याला राग येणार नाही, उलट भांडायला जोर येईल, आणि भांडता भांडता गाडीत बसेल. त्याला मी ओळखतो.

तुझ्याकडचं? धाकटीचं कुठं जमतंय का, नंदुरबारचं स्थळ आलं होतं ना. लूमचं काम निम्मं झालं असं तुझा साळा सांगत होता, खरं का ते लिही. पैशाचं काही असेल तर मोकळेपणी सांग, कापूस घरात आहे, भाव बघून थांबलोय. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, पोरी येतील तेव्हा तूही ये, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस, आई आत्तापासून विचारते. पण आखाजीपर्यंत थांबू नकोस.

बापूचा मोबाइल बंद आहे, रागात विहिरीत टाकला. (पाणी नव्हतं, तरी फुटलाच.) त्याच्या पोराच्या नंबरवर कर, सकाळी नऊच्या आत, नंतर तो डेअरीत जातो. ‘बापूला दे’ एवढंच म्हण, तुझं नाव सांगू नकोस, पोरगं घाबरून फोन ठेवेल. गाडीत डिझेल भरून ठेवलंय. बापू हो म्हणाला की मला नुसता मिस कॉल दे.

तुझा,
सुभाष

ता. क. शेंगा उन्हाळ्यात पिकतील. तुला पाहिजे असतील तर तुझ्या साळ्याबरोबर पाठवतो, गॅलरीतल्या कुंडीत लावू नकोस, मूळ खोल जातं. आणि लाल फूल आलं तर मला कळवू नकोस.