दुधातील प्रतिजैविकांचीही तपासणी हवी

महोदय,

सणासुदीला दूधभेसळीच्या बातम्या हटकून येतात. मात्र गाईला कासदाह (कासेला सूज आणणारा संसर्ग) झाल्यावर सडात (आचळात) सोडलेल्या प्रतिजैविकाचा (अँटिबायोटिकचा) अंश दुधात उतरतो, याची चर्चा क्वचितच होते. औषध थांबवल्यानंतरही ठरावीक काळ ते दूध डेअरीला घालायचे नसते, हे अनेक गोठ्यांत ठाऊक असते. पण त्या दिवसांचे नुकसान दोन-चार गाईंच्या मालकाने एकट्यानेच सोसावे, अशी आपली व्यवस्था आहे. त्यातच पशुवैद्यकाला न विचारता केलेल्या अर्धवट उपचारांमुळे औषधाला न जुमानणारे स्टॅफिलोकोकससारखे जिवाणू गोठ्यातच पोसले जातात. दूध नीट उकळल्याने जिवाणू मरतात, हे खरे. औषधाचा अंश मात्र उकळूनही पूर्णपणे जात नाही, आणि कच्च्या दुधाच्या पदार्थांत तर दोन्ही धोके उरतात.

केंद्र सरकारने २०१९ मध्ये पशुपालनात कोलिस्टिन या प्रतिजैविकाच्या वापरावर बंदी घातली, ते योग्यच झाले. आता पुणे जिल्ह्यात दौंड, शिरूर, इंदापूरकडील संकलन केंद्रांवर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले इतर घन घटक) यांच्या तपासणीबरोबरच पट्टीने होणारी प्रतिजैविक चाचणीही रोजची करावी, आणि उपचारकाळातील दूध प्रामाणिकपणे बाजूला ठेवणाऱ्या शेतकऱ्याला दूध संघांनी काही भरपाई द्यावी. नाहीतर चाचणी चुकवण्याच्या वाटा निघतीलच.

– एक वाचक, कोथरूड, पुणे