जर्बिल, कूलर आणि नवतपा

महाल, नागपूर
28 मे

प्रिय बंड्या,

तुझा मेसेज वाचला. फोनवर अंगठ्यानं एवढं लिहिणं माझ्याच्यानं होत नाही, म्हणून पत्र. छकुलीला जर्बिल, ते उंदरासारखे छोटे प्राणी, पाळायला घेऊन द्यायचेत म्हणतोस. दे, पण आधी आमच्या कूलरची गोष्ट ऐक.

पोहा अन् तर्री, या दोघी जर्बिल बहिणी आमच्याकडे थंडीत आल्या. तेव्हा सगळं मजेत होतं. मग नवतपा, ते कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला. आपल्याला जे गार वाटतं तेच त्यांनाही वाटणार, असं समजून मी कूलरला नव्या वाळ्याच्या ताट्या बसवल्या अन् काचेची पेटी थेट त्याच्यासमोर ठेवली. तिसऱ्या दिवशी तर्रीचे केस तेल चोपडल्यासारखे चिकट, उभे राहिलेले, अन् पोह्याच्या नाकाभोवती लाल डाग. मला वाटलं रक्तच! बुटाच्या खोक्याला भोकं पाडली अन् ऊन चढायच्या आत स्कूटरवरून डॉक्टरकडे नेलं. त्यांनी ओल्या कापसानं नाक पुसलं. जखम कुठेच नाही. यांच्या डोळ्यामागं एक ग्रंथी असते, तिचा पाझर लालसर असतो, जीव त्रासला की तो नाकाशी साचतो, असं ते म्हणाले. मग विचारलं, "कूलरसमोर ठेवता का?" मी गप्प.

हा प्राणी मूळचा मंगोलियाच्या कोरड्या माळरानातला. 1866 मध्ये आर्मांद दाविद नावाच्या फ्रेंच मिशनऱ्यानं चीनमधून पॅरिसच्या संग्रहालयाला यांचे नमुने धाडले, तेव्हा युरोपला ओळख झाली. तिकडे थंडी हाडं गोठवणारी, अन् उन्हाळ्यात हे बिळात दडून बसतात. आपला कूलर हवा गार करतो, पण ओलीही करतो. यांना उकाडाही नको अन् दमटपणाही नको. नागपूरच्या मे महिन्यात सांग बापा कसं जमवायचं!

आता पेटी वाड्याच्या मधल्या खोलीत ठेवली आहे. भिंती जाड, अन् कूलरची हवा तिथं पोहोचत नाही. आत छपराचं एक जुनं कवेलू ठेवलंय, त्यावर दोघी पोट टेकवून पसरतात. दुपारी बर्फाची बाटली जुन्या बनियनमध्ये गुंडाळून काचेला बाहेरून टेकवतो. शिवाय कागदाचे तुकडे अन् वाळलं गवत वीतभर खोल घातलंय. तेवढी जागा मिळाली की त्या स्वतःच भुयार खोदून तळाशी जाऊन झोपतात. एका वाटीत धुऊन, उन्हात वाळवलेली रेती असते. तिच्यात लोळल्या की केस परत मोकळे. तुमच्या कल्याणला तर पावसाळ्यात पापडही मऊ पडतो. एसीची खोली असेल तरच विचार कर.

एकटी कधी आणू नकोस, एकत्र वाढलेल्या दोन बहिणीच घे. नर-मादी आणलीस तर साधारण 25 दिवसांत पिल्लं, अन् लगेच पुढची खेप तयार. परकी मधेच सोडलीस तर जीव जाईपर्यंत भांडतील.

अन् शेपटीला हात लावायचा नाही! भाच्यानं पोह्याला शेपटीनं उचललं, तर टोकाची कातडी बाही उतरावी तशी हातात आली. उघडं पडलेलं टोक वाळून गळून गेलं. पोहा दोन दिवसांत खुडबुडायला लागली, पण पोरगा आठवडाभर तिच्याकडे बघेना. छकुलीला ओंजळीत घ्यायला शिकव.

खाणं सोपं. ज्वारी, बाजरी, थोडी गाजराची चकती. सूर्यफुलाच्या बिया मोजून, नाही तर तेवढ्याच वेचून खातात अन् लठ्ठ होतात. संत्री मात्र आंबट म्हणून देत नाही, नागपूरच्या असल्या तरी! आई म्हणते, "स्वयंपाकघरातल्या उंदराला गोळी अन् याला ज्वारी, काय करून राहिला तू?" परवा मध्यरात्री तिनं मला उठवलं, दाराशी कोणी ठोकून राहिलं म्हणून. बाहेर कोणी नव्हतं. मांजरीचा आवाज ऐकून तर्री मागच्या पायांनी काचेवर धडधड करत होती. धोका दिसला की त्या असंच करतात. आईनं तिला बराच वेळ पाहिलं, मग म्हणाली, "राखण तरी करते."

तीन-चार वर्षांचा सोबती आहे, तेवढं मनाशी धर. अन् पुठ्ठ्याचे रिकामे रोल आतापासूनच साठवायला लाग. एक रोल आमच्याकडे दहा मिनिटं पुरतो.

तुझा,
दिन्या