आईच्या उशाशी चित्रं काढू दिलीत, त्याबद्दल

आईच्या आजारपणात आणि ती गेल्यावरही माझी चित्रं थांबली नाहीत, ती काही माणसांमुळे. त्यांची नावं मला ठाऊक नाहीत.

रात्रपाळीच्या सिस्टर, माझी वही पाहून तुम्ही दिवा माझ्या बाजूला वळवलात. ऑक्सिजन चालू असताना रंग पातळ करायचं टर्पेंटाइन आणि चित्र पुसू नये म्हणून मारायचा फवारा, फिक्सेटिव्ह, खोलीत नको, ते पेट घेतात. चित्र काढायच्या कोळशाची पूडही आईच्या श्वासाला नको, हे तुम्हीच समजावलंत. मग मऊ पेन्सिल हाती घेतली. हातावरच्या शिरा, सलाइनची चिकटपट्टी, झोपेतही न सुटणारी कपाळावरची आठी, हे सगळं मला पेन्सिलीनंच दाखवलं.

शेजारच्या खाटेपाशी बसणारे काका, आजारी माणसाचं चित्र काढणं निर्दयपणाचं आहे का, असं मी तुम्हाला विचारलं होतं. “काढ. बाकी सगळे नजर चुकवतात,” तुम्ही म्हणालात. स्विस चित्रकार फर्डिनांड होडलरनं आपल्या प्रेयसीचं कॅन्सरचं आजारपण १९१५ मध्ये तिचा मृत्यू होईपर्यंत, आणि नंतरही, चितारलं. ती चित्रं पाहताना मला तुमचे शब्द आठवतात. त्या चित्रांत क्रौर्य नाही, सोबत आहे.

आई गेल्यावर “आता काढ” किंवा “आता पुरे” यातलं काहीच न बोलता ज्यांनी दाराशी कोरे कागद ठेवले, त्यांचे आभार तर कसे मानू? तिचा चेहरा आठवणीतून काढताना हनुवटीपाशी हात अजून अडतो. तरी काढते आहे. तुमच्यापैकी कुणी हे वाचत असेल, तर चित्रं बघायला जरूर या.