पूर्व सॅन होजेच्या प्रोमोतोरा ताईंना

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

तुम्ही प्रोमोतोरा, म्हणजे वस्तीतल्या आरोग्यसेविका; तिथे तुम्हाला सगळे आदराने ‘दोन्या’ म्हणतात. मी पहिल्या दिवसापासून ताई म्हणत आले आणि तुम्ही ते गोड मानून घेतलेत. हे पत्र मात्र मराठीत लिहिते आहे, कारण तुमचे ऋण मला माझ्या माणसांसमोर मान्य करायचे आहे. तुम्हाला ते मी समोर बसून, माझ्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये सांगेन.

ऑक्टोबर २०१८मध्ये अमेरिकेच्या ‘पब्लिक चार्ज’ नियमाचा, म्हणजे सरकारी मदतीवर अवलंबून राहील अशा स्थलांतरिताला ग्रीन कार्ड नाकारण्याच्या नियमाचा, नवा मसुदा प्रसिद्ध झाला. १९९९पासून रोख मदत किंवा सरकारी खर्चाने दीर्घकाळ संस्थेत राहणे, एवढेच ग्रीन कार्डाच्या आड येत असे. आता औषधोपचार, अन्न आणि घरभाड्याची मदतही अर्जदाराच्या विरोधात मोजली जाणार होती. हरकतींसाठी ६० दिवस होते आणि त्या इंग्रजीतच हव्या होत्या. चर्चच्या सभागृहातल्या तुमच्या टेबलाशी मी आले ती इंग्रजी लिहून देणारी स्वयंसेविका म्हणून, आणि खरे सांगायचे तर थोड्या उपकाराच्याच भावनेने. हा प्रश्न मेक्सिकन शेतमजुरांचा, एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्या आपल्या लोकांचा त्याच्याशी काय संबंध, असे आमच्या मंडळींत तेव्हा सर्रास बोलले जाई.

पहिल्याच शनिवारी एक आई दम्याच्या मुलाचे मेडी-कॅल, म्हणजे कॅलिफोर्नियातला कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्यविमा, बंद करण्याचा अर्ज भरून घेऊन आली. नियम अजून लागू झालेला नव्हता, मुलगा इथे जन्मलेला नागरिक होता आणि त्याला मिळणारी मदत आईच्या नावावर मोजली जाणारच नव्हती; पण हे तिला कोणी सांगितले नव्हते. तुम्ही तो कागद घडी घालून तिच्याच पर्समध्ये ठेवलात, मुलाचा इन्हेलर किती दिवस पुरेल ते विचारलेत, आणि नियम त्यानंतर समजावलात. १९९४ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी कागदपत्रे नसलेल्यांना सरकारी दवाखाने आणि शाळा बंद करणारा प्रस्ताव १८७ मंजूर केला आणि न्यायालयाने तो लगोलग रोखला, तरी तुमच्या गल्लीतल्या बाया कित्येक महिने दवाखान्याची पायरी चढल्या नाहीत, हे तुम्ही नंतर कॉफी घेताना सांगितलेत, तेव्हा आधी इन्हेलर का, ते मला उमगले.

तुमच्या आग्रहावरून मी मसुदा मुळातून वाचला. ६१ वर्षांपुढचे वय ही अर्जदाराची उणी बाजू धरली जाणार होती, आणि मी तर माझ्या ६८ वर्षांच्या आईला इकडे आणण्याच्या तयारीत होते. एच-१बीची मुदत वाढवून घेणाऱ्यांनाही सरकारी मदत न घेतल्याची अट घातली जाणार होती. मी गप्प बसलेली पाहून तुम्ही पेन माझ्या हातात दिलेत आणि म्हणालात, “आता तुझे लिही.” छापील मजकुराखाली सही नको, प्रत्येकाने आपल्या घरातले, आपल्या शब्दांत लिहावे, यावर तुमचा कटाक्ष होता, वेगळा मुद्दा मांडला तर नियम करणाऱ्या खात्याला त्याची दखल घ्यावी लागते, हे कारण तुम्हाला पक्के ठाऊक होते.

देशभरातून २,६६,०००हून अधिक हरकती गेल्या. ऑगस्ट २०१९च्या अंतिम नियमातून गरोदर स्त्रिया आणि २१ वर्षांखालील मुले यांचे मेडिकेड (मेडी-कॅल हे त्याचेच कॅलिफोर्नियातले नाव) वगळले गेले. नियम फेब्रुवारी २०२०मध्ये लागू झाला, नेमका महासाथीच्या तोंडावर, आणि मार्च २०२१मध्ये संपला. त्यात न्यायालयांचा आणि सत्ताबदलाचा वाटा मोठा होता. सारे श्रेय त्या टेबलाला देणे तुम्हालाही रुचणार नाही. पण ती आई अर्ज न देता घरी गेली, एवढे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

जानेवारी २०२६पासून कागदपत्रे नसलेल्या प्रौढांची मेडी-कॅलच्या पूर्ण लाभांसाठीची नवी नोंदणी थांबली आहे. आधीपासून नाव असलेल्यांनी घाबरून ते सोडू नये, म्हणून तुम्ही पुन्हा टेबल मांडले आहे असे कळले. येत्या शनिवारी प्रिंटर मी आणते. तुमचा जुना राहू द्या, तो दर दहा पानांनी अडकतो.

तुमची ऋणी,
इंग्रजी लिहून देणारी