मास्तरांच्या वहीसाठी : पावसाळ्याच्या आत मदतीचे आवाहन

सर्व सभासद, माजी सभासद, वाचक आणि मास्तरांचे विद्यार्थी यांना सप्रेम नमस्कार.

वाचनालयाच्या लोखंडी कपाटात मास्तरांची कवितांची वही आहे, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. आपल्यातल्या बहुतेकांनी ती पाहिली आहे, पुष्कळांनी तिच्यासोबत फोटोही काढून घेतले आहेत. ती वही आता पान उलटले की कडेने मोडते. कागदाच्या संवर्धनाचे काम करणाऱ्या एका जाणकार बाईंना मुद्दाम बोलावून दाखवली. त्यांनी स्पष्टच सांगितले, की आणखी एक पावसाळा असाच गेला तर पाने एकमेकांपासून सोडवणेही कठीण होईल. कार्यकारी मंडळाने तातडीने निधी उभारायचा ठराव केला आणि पत्र लिहायचे काम नेहमीप्रमाणे कार्यवाहांकडे आले.

मागण्याआधी ज्यांनी दिले त्यांची आठवण काढणे भाग आहे. मास्तरांच्या पश्चात ही वही त्यांच्या सूनबाईंनी जपली. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून, सोबत वेखंड ठेवून, ट्रंकेच्या तळाशी. रद्दीवाला दर महिन्याला दाराशी येत होता, घरात जागेची अडचण होती, तरी वही हलली नाही. पुढे त्यांनी ती वाचनालयाला दिली तेव्हा पैसा मागितला नाही, सत्कारही घेतला नाही. अट एकच घातली, की वही कुणालाही घरी न्यायला द्यायची नाही. गिरणीवाल्या काकांनी कपाट दिले आणि त्यावर आपले नाव घालू दिले नाही, म्हणून इथेही घालत नाही. शिंपीकाकांनी लाल बासन शिवून दिले, मापे घ्यायला स्वतः दोनदा आले, शिलाई विचारली तर रागावले. आणि आपल्या माजी मुख्याध्यापिका बाई! दोन उन्हाळी सुट्ट्या त्यांनी वाचनालयाच्या खिडकीशी बसून अख्खी वही स्वतःच्या अक्षरात उतरवली, खाडाखोडीसकट. मास्तरांनी खोडलेली ओळ त्यांनीही लिहून खोडली आहे. आज वाचकांच्या हाती जी प्रत आपण देतो ती बाईंची.

त्या प्रतीचे मोल आम्हाला फार उशिरा कळले. मूळ वहीतली काही पाने आज जागेवर नाहीत. सूनबाईंची अट मोडून, एका जुन्या मंडळाच्या काळात, कुणीतरी ‘वाचून परत देतो’ म्हणून ती नेली. कुणी नेली याची कुजबुज गावभर आहे, आम्ही नाव घेणार नाही. त्या कविता आज फक्त बाईंच्या अक्षरात उरल्या आहेत. पाने कुणाच्या घरी सापडली तर बंद पाकिटात घालून दाराच्या फटीतून आत सरकवा. एक शब्द विचारला जाणार नाही.

गेल्या वार्षिक सभेत एका सभासदांनी विचारले, ‘मास्तरांचा संग्रह छापलेला आहे ना, मग वहीवर खर्च कशाला?’ सभेला वेळ नव्हता, म्हणून उत्तर इथे देतो. छापील संग्रहात मास्तरांच्या निवडक कविता आहेत, वहीत सगळ्या आहेत. शिवाय कोणती ओळ आधी सुचली, कोणता शब्द तीनदा बदलून पुन्हा पहिलाच ठेवला, हे छापील पानावर कुठून दिसणार? १८६९ आणि १८७३ साली दोन भागांत तुकोबांची गाथा छापली गेली, ती सरकारी पैशाने. तेव्हा विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित या संपादकांनी देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर इथल्या हस्तलिखित प्रती मिळवून पाठ ताडून पाहिले. कुणीतरी बासनात बांधून त्या राखल्या होत्या म्हणूनच ते जमले. उलट बाजूही पाहा. इतिहासाचार्य राजवाड्यांनी ज्ञानेश्वरीची जुनी पोथी १९०९ साली छापली. त्यांचे पुस्तक आजही मिळते, पण ती मूळ पोथी पुढे गहाळ झाली, आणि शंका आली तर उघडून पाहायला समोर काही नाही.

बहिणाबाईंना तर लिहिता येत नव्हते. त्या जात्यावर, शेतात म्हणत आणि घरातली शिकलेली मुले उतरवून घेत. त्या १९५१ साली गेल्या, मग त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली संग्रह निघाला. ती वही चुलीत गेली असती तर महाराष्ट्राला काय गेले तेही कळले नसते. आमचे मास्तर बहिणाबाईंच्या पंक्तीचे, असा आमचा दावा नाही. (काही कवितांबद्दल प्रस्तुत लेखकाचा आहे, पण ते खासगीत.)

वहीला झाले आहे काय, तेही सांगतो. कागद गिरणीचा, लाकडाच्या लगद्याचा. अशा कागदात आम्ल असते, ते आतून त्याला पिवळा आणि ठिसूळ करते. जुन्या पोथ्यांचा हातकागद आणि काजळीची शाई तीनशे वर्षे टिकते, आणि आपली वही शंभरी गाठायच्या आत थकली, याचे कारण हेच. पहिल्या निम्म्या वहीत टाक आणि लोहयुक्त काळी शाई वापरली आहे. जिथे मास्तरांनी टाक दाबला तिथे शाईने कागद खाल्ला आहे, वेलांटीच्या जागी अक्षरशः भोक आहे. पुढची पाने फाउंटन पेनच्या निळ्या शाईची, ती पाण्याच्या थेंबाने पसरते. म्हणजे आम्ल मारण्यासाठी चुन्याच्या निवळीत बुडवायचा उपाय सरसकट चालणार नाही, प्रत्येक पानाची आधी चाचणी घ्यावी लागेल. त्यात कुणीतरी प्रेमाने चिकटपट्ट्या लावल्या आहेत. त्यांचा डिंक आता तपकिरी होऊन अक्षरांत उतरला आहे. आधी प्रत्येक पानाचे छायाचित्र, मग कोरडी सफाई, पट्ट्या सोडवणे, फाटक्या जागी गव्हाच्या खळीने पातळ जपानी कागद, पुन्हा शिलाई आणि आम्लरहित पुठ्ठ्याची पेटी, असे काम आहे. ‘लॅमिनेशन करून टाका, दोन दिवसांत होईल’ हा सल्ला अनेकांनी दिला. त्यांचे आभार, पण प्लॅस्टिकमध्ये एकदा भरलेले पान धडपणे बाहेर काढता येत नाही.

सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा आहे आणि त्याखालचे अनुदान आपल्याला मिळते, पण ते पगार, पुस्तके आणि वीजबिल यांतच संपते. दरवर्षी २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, वही काचेखाली मांडतो, तेव्हा भाषणे होतात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला, तेव्हा तर वहीपुढे रांग लागली होती. मागच्या वेळी वहीसाठी आवाहन केले, त्याला आलेला प्रतिसाद एका पाकिटात मावला. त्याच वर्षी सभागृहाच्या कमानीसाठी देणग्या आठवड्यात जमल्या. वहीवर संगमरवरी पाटी बसवता येत नाही, हे खरे. राग नाही, पण वाईट वाटले ते लिहून ठेवतो.

आता व्यवहाराचे. अंदाजपत्रक आणि एका पानाचा खर्च सूचना फलकावर लावला आहे. एका घराने एक पान दत्तक घ्यावे, जमेल त्यांनी दहा. धनादेश वाचनालयाच्या नावे, ‘वही निधी’ असे मागे लिहून. रोख दिल्यास ग्रंथपाल बाईंकडूनच पावती घ्यावी. देणगीवर प्राप्तिकरातली (८०जी) सवलत हवी असेल तर पॅन क्रमांक द्यावा आणि २,००० रुपयांवरची रक्कम रोखीने देऊ नये, तिला सवलत नाही. प्रमाणपत्र आर्थिक वर्ष संपल्यावर मिळेल. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या आपल्या मंडळींनी कृपया परस्पर पैसे पाठवू नयेत, विदेशी देणगी कायद्याखाली आपली नोंदणी नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्यांना अडचण नाही. पैसे नसतील तर हात चालतील : छायाचित्रांना क्रमांक घालायला मुले हवीत, आणि शेवटची काही पाने मोडी लिपीत आहेत, ती वाचणारे कुणी असल्यास ताबडतोब कळवावे. मास्तरांची पत्रे कुणाकडे असल्यास मूळ पत्र आपल्याकडेच राहू द्या, आम्ही येऊन फोटो काढू.

आपला,
कार्यवाह (कार्यकारी मंडळाच्या वतीने)

ता. क. यंदापासून २७ फेब्रुवारीला मूळ वही मांडली जाणार नाही, छायाप्रत मांडू. उजेडाने शाई उडते. पाहुण्यांना आणायचे असल्यास आधी ग्रंथपाल बाईंना विचारावे, आणि फ्लॅश मारू नये.