बोटीवर खोलीत जेवायचं नाही, बाबा

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

मी तुमच्याबरोबर सात रात्रींच्या सहलीला बोटीवर येत नाहीये. दादाने एव्हाना सांगितलं असेलच, त्याच्या पोटात काही राहत नाही. नव्या नोकरीत सुरुवातीचे महिने रजा मिळत नाही, हे एक कारण. तारीख पुढे नेली तर भरलेल्या पैशांतले बरेच कापले जातात, हे दुसरं. आणि पुढे नेलेली गोष्ट आपल्या घरात कधी होत नाही, हे तिसरं. आईला यादी विचारा, तोंडपाठ म्हणून दाखवेल. म्हणून माझं नाव मी काढून टाकलंय आणि तुमची दोघांची तिकिटं पक्की आहेत. एकटं पाठवतेय असं वाटू देऊ नका. केबिन लिफ्टच्या जवळची मागून घेतली आहे, न्हाणीघरात धरायला दांडा आहे, बोटीवर डॉक्टर आणि नर्स असतात, रात्रीही बोलावता येतात. चहा मागाल तेव्हा मिळतो. उशा दोन जास्तीच्या सांगून ठेवल्यात, बाबांना लागतात तशा.

राहिलं रात्रीचं जेवण. तिथे काय घालायचं, कुठे बसायचं, हे मी बरोबर असताना बघणार होते, आता पत्रातून बघते.

आई म्हणाली, बाबांनी जाहीर केलंय की कोटबिट जमायचा नाही, आम्ही आपले खोलीत मागवू. खोलीत मागवता येतं, नाही असं नाही. एखाद्या रात्री पाय भरून आले तर खुशाल मागवा. पण सातही रात्री खोलीत ट्रे घेऊन बसणार असाल तर ते मला चालणार नाही. आणि बाबा, कोट हे खरं कारण नाही, हे मला कळतं. त्याबद्दल पुढे लिहिते.

आधी कोटाची भीती घालवते. सात रात्रींत नटायच्या रात्री दोनच आहेत. बाकीच्या पाच रात्री बाबांनी फुल पँट आणि कॉलरचा शर्ट घालायचा, म्हणजे जन्मभर कचेरीत जे घातलं तेच. मुख्य जेवणघरात चालत नाहीत त्या गोष्टी म्हणजे पोहण्याचे कपडे, बिनबाह्यांचे बनियन, व्यायामाचे कपडे, टोप्या आणि रबरी स्लिपर. हाफ पँट काही बोटींवर चालते, काहींवर नाही. तुमच्या बाबतीत तो प्रश्नच नाही, बाबांचे गुडघे आईशिवाय कुणी पाहिलेले नाहीत.

कुठल्या रात्री काय घालायचं, हे पाठ करायची गरज नाही. दुसऱ्या दिवसाच्या कार्यक्रमाचा कागद आदल्या संध्याकाळी केबिनमध्ये येतो, नाही आला तर मागून घ्या, त्यात संध्याकाळचे कपडेही लिहिलेले असतात. ॲपवरही असतं, पण तुम्ही कागद वाचा. नटायची रात्र शक्यतो बोट दिवसभर समुद्रात असेल त्या दिवशी ठेवतात, बंदरावरून दमून आलेल्यांना कोण कोट घालायला लावणार? आणि पहिल्या रात्री कुणीच नटत नाही. मोठ्या बॅगा धक्क्यावरच हमालांच्या ताब्यात द्यायच्या असतात, त्या केबिनच्या दाराशी कधीकधी संध्याकाळ उलटल्यावर येतात. शेवटच्या रात्री त्याच बॅगा पुन्हा दाराबाहेर ठेवायच्या असतात. अटलांटिकवर मोठ्या बोटी चालायच्या तेव्हापासूनचा हा रिवाज आहे, पहिली आणि शेवटची रात्र साध्या कपड्यांची. तेव्हा ट्रंका असायच्या, एवढाच फरक.

आता बाबा विचारतील, कोटच लागत नाही अशी बोट का नाही घेतलीस? पाहिल्या होत्या. नॉर्वेजियन क्रूझ लाइन या कंपनीने 2000 साली 'फ्रीस्टाइल' म्हणून ती पद्धत आणली, नटायचं बंधन नाही. वायकिंगच्या बोटींवर टाय लागत नाही. व्हर्जिनवर कपड्यांचा नियमच नाही. दुसऱ्या टोकाला क्युनार्ड कंपनी, तिथे संध्याकाळी सहानंतर बोटीच्या बहुतेक भागात नीटनेटकंच राहायचं, आणि गाला, म्हणजे नटायच्या, रात्री कधी काळ्या-पांढऱ्या कपड्यांची, कधी मुखवट्यांची मेजवानी. बाबा आणि मुखवटा! तुमची बोट या दोन्हींच्या मधली आहे. मी ती का घेतली, तर त्या पहिल्या तिन्हींत जेवणाची वेळ आणि टेबल ठरलेलं नसतं. रोज नवी जागा आणि बहुधा नवा वाढपी. तुमच्या बोटीवर पहिली पंगत सहाच्या सुमाराला बसते, दुसरी आठनंतर. मी तुमच्यासाठी पहिली घेतली आहे, गोळीची वेळ आत बसते आणि आईला रात्री जड होत नाही. मुख्य म्हणजे टेबल तेच, माणूसही तोच.

बाबा, तुमचा हात हलतो म्हणून तुम्हाला चारचौघांत जेवायला नको वाटतं. सुधामावशीकडच्या त्या जेवणानंतर तुम्ही कुठेच बसून जेवला नाहीत, 'मी घरून जेवून आलोय' असं सांगता, आणि आईही मग तुमच्याबरोबर उपाशी परत येते. मी कधी बोलले नाही. आताही जास्त बोलणार नाही, फक्त एवढंच ऐका. तुम्हाला वाटतं, त्यापेक्षा बुफे बरा, तिथे कुणी कपडे बघत नाही. कपडे बघत नाहीत हे खरं. पण बुफेत ताट आपण उचलायचं, गर्दीतून न्यायचं, टेबल शोधायचं, आणि खालची जमीन हलत असते. जेवणघरात तुम्ही फक्त बसायचं, सगळं समोर येतं. कोटाचा त्रास संध्याकाळी एकदाच होतो, ताटाचा दर फेरीला होतो.

पहिल्या रात्री वाढप्याला आईने सांगायचं, बाबांनी नाही. सूप कपात द्या. पदार्थ आतच कापून आणा. ग्लास अर्धा भरा. बस. ही माणसं हे रोज करतात, पुष्कळांसाठी करतात, आणि टेबल ठरलेलं असल्यामुळे दुसऱ्या रात्री सांगावंही लागत नाही. तुमचा तो जड दांड्याचा चमचा कोटाच्या आतल्या खिशात न्या, रुमालात गुंडाळून. भिंतीकडेचं, दोघांचं टेबल मी लेखी मागितलं आहे. मिळेलच असं ते लिहून देत नाहीत, तेव्हा बोटीवर चढल्या दिवशी दुपारीच जेवणघराच्या दाराशी जो मुख्य माणूस असेल त्याला भेटा. टेबल बदलून हवं असेल तर तेव्हा सांगणं सगळ्यात बरं.

कपड्यांचं आता एकेक करून.

निळा कोट मी शिंप्याकडून दुरुस्त करून आणला आहे, खांद्यात आणि कंबरेत जरा आत घेतला. तुम्ही बारीक झालात असं नाही, तो मुळातच ऐसपैस शिवला होता, दादाच्या मुंजीतले फोटो बघा. टक्सिडो वगैरे काही लागत नाही, गडद सूट पुरतो. शर्ट पांढरा नको, गडद निळा दिलाय, कॉलर ताठ राहते आणि काही सांडलं तरी पट्कन दिसत नाही. शर्टाची बटणं नुसती वरून शिवलेली आहेत, खाली वेल्क्रोची पट्टी आहे, दाबली की बसते. चुंबकाची बटणंही मिळतात, पण पेसमेकर असलेल्यांना ती चालत नाहीत, म्हणून तो विचार सोडला. त्याच कारणाने केबिनच्या लोखंडी भिंतींना लावायचे चुंबकाचे हुकही देत नाहीये, जो तो त्यांचं कौतुक करतो. तुम्ही कपाटातले हँगर वापरा, कमी पडले तर खोली आवरणाऱ्याकडून मागून घ्या.

टायचं तुम्हीच शिकवलंय. शाळेचा माझा टाय तुम्ही जूनमध्ये एकदा बांधायचात आणि तो वर्षभर खिळ्याला तसाच लटकायचा. सकाळी डोक्यातून घालायचा, गाठ वर सरकवायची, आणि मी पळायचे. मधल्या सुट्टीत कुणी सोडलाच तर मी टाय खिशात कोंबून घरी यायचे आणि तुम्ही न बोलता पुन्हा बांधायचात. तेच करा. निघायच्या आधी घरी सावकाश, सकाळी हात बरा असतो तेव्हा बांधा, आणि सोडू नका. बॅगेत मोज्यांच्या वर सपाट ठेवा. दुसऱ्या नटायच्या रात्री टायही नको, रेशमी सदरा आणि वरून जाकीट घाला. आपापल्या देशाचा सणासुदीचा पोशाख बोटींवर चालतो, क्युनार्डसारख्या कडक कंपनीच्या नियमांतही तो आहे. दोन्ही रात्री सदराच का नाही, असं विचारू नका. निळ्या कोटात तुम्ही मला बघायचे आहात.

आई, तुझी साडी म्हणजे नटलेल्यातच जमा, तुला कुणी काही विचारणार नाही. पण सहा साड्या नेऊ नकोस. दोन चांगल्या, तीन न चुरगळणाऱ्या, आणि त्याच पुन्हा नेस, तिथे कोण हिशेब ठेवतंय? मोरपंखी साडीच्या निऱ्या मी शिवून घेतल्यात. थांब, चिडू नकोस. कच्ची शिवण आहे, परत आलीस की उसवून देईन. बोट हलत असताना वाकून निऱ्या घालायच्या म्हणजे गुडघ्यांना शिक्षा, आणि तुला सावरायला बाबा पुढे येणार, म्हणजे दोघंही पडणार. साडी घोट्याच्या जरा वर नेस. न्हाणीघराच्या आणि डेकच्या दारांना उंच उंबरे असतात. डेकवर वारा फार, पदराला पिन लाव. चपला सपाट, मागून पट्टा असलेल्या. आणि शाल विसरलीस तर मला फोन करू नकोस, कारण मी ओरडेन. जेवणघरातला एसी गार असतो, पहिला पदार्थ येईपर्यंत तू आखडून बसशील आणि बाबांना म्हणशील, 'चला वर.' त्यांना तेवढंच हवंय!

पाटल्या घरीच ठेव. मोत्यांचं घाल, तेच शोभतं.

ती छोटी इस्त्री नेऊ नका. आगीच्या भीतीने बोटीवर इस्त्री चालत नाही, तपासणीत काढून घेतात आणि उतरताना परत देतात. कोट अंघोळीच्या वेळी न्हाणीघरात टांगून ठेवा, वाफेने सुरकुत्या बऱ्याच उतरतात. नाहीच उतरल्या तर धोब्याकडे द्या, सोय असते. पैसे लागतात, पण ते मी भरणार आहे आणि त्यावर चर्चा नको.

बाबांच्या गोळ्या, चमचा, शाल आणि पहिल्या संध्याकाळचा एक जोड हातातल्या बॅगेत. मोठ्या बॅगेत नाही. आई, तू स्वतः बघ, बाबा 'ठेवलं' म्हणतात तेव्हा ठेवलेलं नसतं. शेवटच्या रात्री बॅगा दाराबाहेर देताना सकाळी घालायचे कपडे बाहेर काढायला विसरू नका, लोक खरंच रात्रीच्या कपड्यांत उतरलेले आहेत म्हणे.

नटायच्या रात्री जेवणघराबाहेर फोटोवाले उभे असतात, मागे पडदा लावून. उभं राहायचे पैसे लागत नाहीत, फोटो घ्यायचा तरच लागतात. दोघं उभे राहा. बाबा, हात आईच्या खांद्यावर ठेवलात की हलत नाही, मी पाहिलंय. आणि त्यातला एक घ्या. महाग आहे म्हणून परत येऊ नका.

पुढच्या वेळी मी येईन. तोवर आईने पहिल्या रात्री जेवून झाल्यावर मेसेज टाकायचा. काय खाल्लं ते नको, कुठे बसून खाल्लं तेवढं लिही.

तुमची,
चिमी

ता. क. आई, रबरी स्लिपर तू बॅगेत ठेवल्या आहेसच, मला माहीत आहे. केबिनमध्ये घालायला राहू देत. जेवणाला जाताना दादाने आणलेल्या त्या पट्ट्याच्या चपला घालायच्या, आणि त्या चावतात ही सबब चालणार नाही. आजपासून रोज तासभर घरात घालून फिर.